व्होरिकोनॅझोल चालू असताना रुग्णाला नसलेलं दिसू लागलं तर

मिरजेहून डिस्चार्ज घेऊन रुग्ण जतला किंवा आटपाडीला घरी येतो आणि चौथ्या रात्री विचारतो, ‘त्या कोपऱ्यात कोण बसलंय?’ कोपऱ्यात कोणीच नसतं. घरातलं कोणी ‘वातात बरळतोय’ म्हणतं, कोणी देवऋषाचं नाव काढतं. त्याआधी औषधांची पिशवी उघडा आणि पाकिटावर व्होरिकोनॅझोल लिहिलंय का ते बघा.

हे बुरशीवरचं औषध आहे. आपल्याकडे ते बहुधा दोन कारणांनी घरात येतं. एक म्हणजे टीबी बरा झाल्यावर फुप्फुसात उरलेल्या पोकळीत वाढणारी अस्परजिलस बुरशी. दुसरं म्हणजे उसाचं पान डोळ्याला लागून बुब्बुळात खोल गेलेली बुरशी. डोळ्यात घालायच्या नुसत्या थेंबांनी भास सहसा होत नाहीत. इथलं सगळं गोळी आणि सलाईनबद्दल आहे. (2021 मध्ये गाजलेल्या म्युकरवर व्होरिकोनॅझोल चालतच नाही, त्यामुळे त्या रुग्णांच्या पिशवीत हे नाव सहसा सापडणार नाही.)

आधी ओळखा: नजरेचा फरक की भास?

गोळी घेतल्यावर साधारण अर्ध्या तासात उजेड डोळ्यांवर येणं, रंग भडक किंवा वेगळे दिसणं, धूसर दिसणं, कडेला लकाकी दिसणं हे बऱ्याच जणांना होतं. तासाभरात ओसरतं आणि पहिल्या आठवड्यानंतर कमी होत जातं. डॉक्टरांना सांगा, पण घाबरू नका. मात्र या औषधावर असेपर्यंत रात्री गाडी चालवायची नाही, आणि नजर अशी असताना दिवसाही नाही.

भास म्हणजे नसलेली माणसं, किडे किंवा जनावरं दिसणं, नसलेले आवाज ऐकू येणं. काहींना डोळे मिटल्यावरच चित्रं दिसतात. अनेकदा रुग्ण शुद्धीवर असतो, तारीख-वार बरोबर सांगतो, ‘हे खरं नाही हे मला कळतंय’ असंही म्हणतो. भास बहुधा पहिल्या आठवड्यात सुरू होतात. बऱ्याचदा त्यामागे रक्तात औषध जास्त साठलेलं असतं. म्हणून हा फोन उद्यावर ढकलू नका.

त्या रात्री काय करायचं

खोलीत मंद दिवा ठेवा. जवळ एकच ओळखीचं माणूस बसवा, गर्दी नको. कोयता, विळा, गाडीची किल्ली उचलून ठेवा, गच्चीचं आणि विहिरीकडचं दार लावा. ‘तिथं कोणी नाही, गोळीमुळे दिसतंय’ एवढं एकदा शांतपणे सांगा, वाद घालत बसू नका.

घरात कोणाची तरी झोपेची गोळी असते, ती देऊ नका. अल्प्राझोलाम, मिडाझोलाम यांसारख्या औषधांचा शरीरातून निचरा व्होरिकोनॅझोल अडवतं, म्हणून नेहमीचा डोसही जड जातो.

मग कागदावर लिहा: शेवटची गोळी किती वाजता, किती मिलिग्रॅमची, भास कधी सुरू झाले, ताप किती, रुग्णाचं वजन किती, आणि चालू असलेली सगळी औषधं, ॲसिडिटीची गोळीसुद्धा. मधुमेह असेल तर साखर तपासा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा असर या औषधाने वाढू शकतो, आणि साखर घसरली की माणूस तसाही बडबडतो.

पुढच्या गोळीआधी डॉक्टरांना फोन करा. गोळी परस्पर कायमची बंद करू नका, बुरशी तेवढ्यात पुन्हा जोर धरते. डोस वगळायचा की कमी करायचा हे डॉक्टर त्या कागदावरून ठरवतात.

पातळी का वाढते

पहिलं कारण वजन. मोठ्या माणसाला 40 किलो किंवा जास्त वजन असेल तर नेहमीचा डोस 200 मिलिग्रॅम, दर 12 तासांनी. 40 च्या खाली असेल तर 100. टीबीने खंगलेला माणूस 37-38 किलोचा असतो आणि केसपेपरवर वर्षापूर्वीचं वजन असतं. घरी आल्यावर वजनकाट्यावर उभं करा. सुरुवातीला पहिले दोन डोस दुप्पट असतात, ते दोनच. पुढेही कोणी दुप्पट गोळ्या देत राहिलं तर भानगड तिथेच आहे.

दुसरं यकृत. हे औषध मुख्यतः सीवायपी2सी19 नावाच्या विकराने मोडलं जातं. काही लोकांत तो जन्मतःच मंद असतो, आशियाई लोकांत हे प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त आहे. अशांच्या रक्तात त्याच डोसचं औषध सरासरी चौपट साठतं. ओमेप्राझोल, इसोमेप्राझोलही पातळी वाढवतात.

तिसरं कारण हिशोबाचं. डोस दीडपट केला, 200 चा 300 झाला, तर रक्तातलं औषध दीडपट न होता साधारण अडीचपट होतं. म्हणून ‘एक गोळी जास्त घेतली तर काय बिघडतं’ हे इथे चालत नाही. गोळी चुकली तरी पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

टीबीची औषधं नुकतीच संपली असतील तर तेही सांगा. रिफाम्पिसिनमुळे व्होरिकोनॅझोल रक्तात टिकतच नाही, म्हणून दोन्ही एकत्र देत नाहीत. पण रिफाम्पिसिन थांबल्यावर त्याचा परिणाम साधारण दोन आठवड्यांत ओसरतो, आणि त्याच डोसची पातळी चढू लागते.

रक्ततपासणी

तपासणीचं नाव व्होरिकोनॅझोल ट्रफ लेव्हल. रक्त पुढच्या गोळीच्या अगदी आधी, अर्ध्या तासाच्या आत काढतात. सकाळी गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा फुगलेला येईल आणि तपासणी वाया जाईल. गोळी खिशात घेऊन जा, रक्त दिल्यावर, डॉक्टरांनी थांबवली नसेल तरच घ्या. लॅबला आधी फोन करून ही तपासणी घेतात का ते विचारा. नमुना बाहेरगावी जात असेल तर रिपोर्टला दिवस लागतात, तोवर डॉक्टर लक्षणांवरून निर्णय घेतात. साधारण 1 ते 5.5 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ही पातळी योग्य धरतात. त्यावर गेली की भास आणि गोंधळाचा धोका वाढतो. सोबत यकृताच्या तपासण्या करून घ्या.

पुढे डॉक्टर एक-दोन डोस वगळून कमी डोस सुरू करतात, नाहीतर इट्राकोनॅझोल, पोसाकोनॅझोल किंवा इसाव्हुकोनॅझोलवर नेतात. डोस उतरवल्यावर भास बहुधा काही दिवसांत जातात. नव्या डोसवर पाचेक दिवसांनी पातळी पुन्हा बघायची. गोळी जेवणाच्या निदान एक तास आधी किंवा एक तास नंतर, रोज त्याच वेळी. ऊन टाळा, फडात जाणं भाग असेल तर लांब बाह्या आणि टोपी.

थांबू नका, 108 ला फोन करा

रुग्ण ग्लानीत असेल, झटके आले, दम लागला, छातीत धडधड किंवा चक्कर असेल, जोराचा ताप असेल, तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू लागला, तर हे भास गोळीचेच असतील असं धरून घरी बसू नका. रोज दारू घेणाऱ्याची दारू दवाखान्यात सुटली असेल तर दोन-तीन दिवसांत तसेच भास होतात आणि तेही जिवावर बेततात. ऑक्सिजन किंवा सोडियम कमी झालं तरी हेच चित्र दिसतं.

देवऋषाचा अंगारा लावायचा तर लावा, पण रुग्णाला मारझोड होऊ देऊ नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.

औषधाचा दुष्परिणाम 1800-180-3024 या सरकारी टोल-फ्री क्रमांकावर नोंदवता येतो, रुग्णाचे नातेवाईकही नोंदवू शकतात. आणि फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून ठेवा: व्होरिकोनॅझोलने भास झाले, तारीख, डोस, पातळी. पुढच्या वेळी सांगलीत किंवा कराडमध्ये दुसऱ्या डॉक्टरांनी फाईल उघडली तर त्यांना ते आधी दिसलं पाहिजे.