जर्मनीत मास्टर्स करायचंय? दीड वर्ष आधीपासूनची तयारी

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातली मुलगी एके दिवशी घरी म्हणते, ‘मला बाहेर शिकायला जायचंय.’ आठवड्याभरात घरचे एखाद्या कन्सल्टन्सीच्या ऑफिसात बसलेले असतात. तिथेच देश ठरतो, कॉलेज ठरतं आणि कर्जाचा आकडाही ठरतो. हा क्रम मला फार खटकतो, कारण निदान जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांना अर्ज करायला एजंटची गरजच नसते. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या अटी विद्यापीठाच्या वेबसाइटवर उघड लिहिलेल्या असतात. ही विद्यापीठं सहसा एजंटांना कमिशन देत नाहीत. ते खासगी कॉलेजांकडून मिळतं, म्हणून सल्लाही बऱ्याचदा तिकडचाच मिळतो.

खालचा क्रम ऑक्टोबरात सुरू होणाऱ्या हिवाळी सेमिस्टरसाठी आहे. सुरुवात आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये करायची.

१. देश, शहर राहू द्या. आधी आपली गुणपत्रकं घेऊन बसा

जर्मन विद्यापीठ सर्वांत आधी पाहतं ते तुमच्या पदवीचे विषय. मास्टर्सचा विषय पदवीच्या विषयाशी जुळावा लागतो, आणि ‘जुळतो’ हे ते मोजून ठरवतात: गणिताचे इतके क्रेडिट, प्रोग्रॅमिंगचे इतके. मेकॅनिकल करून थेट डेटा सायन्सला अर्ज करणारी हुशार मुलं इथेच अडतात. त्यांना वाटतं गुण कमी पडले. खरं तर विषय कमी पडलेले असतात.

डाड (जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा) या संस्थेच्या वेबसाइटवर अभ्यासक्रमांची मोफत यादी आहे. तिथे इंग्रजीतून शिकवले जाणारे अभ्यासक्रम वेगळे काढता येतात. आपल्या विषयाचे दहा-बारा निवडा आणि प्रत्येकाच्या पानावरच्या प्रवेशाच्या अटी पूर्ण वाचा. हे काम कंटाळवाणं आहे, पण दुसऱ्यावर सोपवू नका. कॉलेजकडून सगळ्या सेमिस्टरचा सविस्तर सिलॅबसही आताच मागून ठेवा.

गुणांचं रूपांतर घरीच करता येतं. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. सूत्र असं: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्णतेच्या गुणांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. दहापैकी ७.५ सीजीपीए आणि उत्तीर्णतेला ४ असतील तर उत्तर येतं २.२५. अनेक अभ्यासक्रम २.५ पर्यंतचेच अर्ज घेतात, त्यामुळे ७.५ वाल्याने निराश व्हायचं कारण नाही. बॅक (नापास राहिलेले विषय) असतील तर मात्र आधी ते काढा.

बीएस्सी, बीकॉमसारखी तीन वर्षांची पदवी असेल तर जास्त सावध राहा. काही विद्यापीठं ती स्वीकारतात, काही नाहीत. अर्जाआधी विद्यापीठाला ईमेल करून विचारा. उत्तर येतं.

२. नावं एकसारखी करा

आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत, बाकीचं दुसऱ्या ओळीत. पदवीवर आणखी तिसरा क्रम. त्यात कुठे ‘देशमुख’चं स्पेलिंग बदललेलं, कुठे वडिलांचं नाव गायब. क्रमाचा फरक सहसा चालून जातो, स्पेलिंगचा चालत नाही. पासपोर्ट अजून काढला नसेल तर दहावीच्या गुणपत्रकाशी अक्षर न् अक्षर जुळवूनच काढा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र हाताशी ठेवावं. हे शेवटच्या महिन्यात होत नाही. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा अधिकृत उतारा) मिळवायलाही बरेच दिवस जातात, तोही अर्ज लवकर टाका.

३. जर्मन शिकायला लागा, अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी

वर्गात इंग्रजी चालेल. घरमालक, नगरपालिकेतला कर्मचारी, अर्धवेळ नोकरी देणारा दुकानदार आणि पुढे बहुतेक कंपन्या मात्र जर्मनच बोलतात. रोज दोन तास दिले तर शून्यापासून बी१ पातळीला, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरती भाषा येण्याला, साधारण वर्ष लागतं. मुंबई-पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर विद्यापीठाचं रानडे इन्स्टिट्यूट आहे. गावात राहणाऱ्यांना ऑनलाइन वर्ग मिळतात. माझं स्पष्ट मत आहे की ज्याला वर्षभर भाषा शिकण्याचा कंटाळा येतो, त्याने जर्मनीऐवजी दुसऱ्या देशाचा विचार करावा.

४. पैशाचा हिशोब, आई-वडिलांना शेजारी बसवून

‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे अर्धंच खरं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, सेमिस्टरला काहीशे युरोंपर्यंतचं वर्गणीवजा शुल्क असतं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरूह इकडे, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून अशा विद्यार्थ्यांना शुल्क लावलं आहे.

मोठी रक्कम लागते ती राहण्या-खाण्याची. व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’ उघडून वर्षाचे ११,९०४ युरो आधीच दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा आहे, अर्ज करताना ताजा बघा. युरो १०० रुपयांना धरला तरी जवळपास १२ लाख झाले. हे पैसे तुमचेच असतात. तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे परत मिळतात. त्यातून खोलीचं भाडं, दीडशे युरोच्या आसपास आरोग्य विमा आणि जेवण. माग्डेबुर्ग किंवा केम्निट्झमध्ये हे बसतं, म्युनिकमध्ये ओढाताण होते. शहर निवडताना विद्यापीठाच्या नावाइतकंच भाड्याकडे बघा.

दोन वर्षांचा अभ्यासक्रम अनेकांना अडीच वर्षांचा होतो, तेव्हा हिशोब अडीचचाच मांडा. अर्धवेळ कामाला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस परवानगी आहे. २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. त्यातून दुसऱ्या वर्षाचा बराच खर्च निघू शकतो, पण पहिल्या सेमिस्टरचा अभ्यास आणि काम एकदम झेपत नाही. ‘तिकडे कमावून हप्ते फेडेन’ या भरवशावर शेत किंवा घर तारण ठेवू नका.

कर्जाआधी शिष्यवृत्त्या धुंडाळा. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. आज अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’ या सरकारी संस्थेची योजना सयाजीरावांच्याच नावाने चालते. विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान, कुटुंबाचं उत्पन्न, वय अशा अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच तयार ठेवा. मुंबईतली जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून कर्ज-शिष्यवृत्ती देते, के. सी. महिंद्रा ट्रस्ट पदव्युत्तर शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती देतो.

पैसे पाठवतानाची एक गोष्ट: शिक्षणासाठी वर्षाला १० लाखांपुढे रक्कम गेली की बँक टीसीएस (आगाऊ कर) कापते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर एप्रिल २०२५ पासून तो लागत नाही. कापला गेलाच तर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो.

५. एपीएस प्रमाणपत्र, मग अर्ज

नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र बंधनकारक झालं आहे. तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी आहेत की नाही हे एपीएस ही दिल्लीतली संस्था तपासते. शुल्क १८,००० रुपये. तपासणीला काही आठवडे जातात आणि गर्दीच्या काळात जास्त, म्हणून पावसाळा संपेपर्यंत अर्ज टाकलेला बरा. अनेक विद्यापीठं हे प्रमाणपत्र प्रवेश अर्जासोबतच मागतात.

प्रवेश अर्ज कुठे थेट विद्यापीठाकडे जातो, कुठे ‘युनि-असिस्ट’ या सामाईक संस्थेमार्फत. तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. हिवाळी सेमिस्टरची सर्वसाधारण मुदत १५ जुलै असली तरी परदेशी विद्यार्थ्यांसाठी अनेक ठिकाणी ती मार्च ते मेदरम्यानच संपते. प्रत्येकाची तारीख एका कागदावर लिहून भिंतीवर लावा.

एसओपी, म्हणजे हाच अभ्यासक्रम का हवा हे सांगणारं निवेदन, स्वतः लिहा. ‘लहानपणापासून मला यंत्रांची आवड होती’ हे वाक्य प्रत्येक विकत घेतलेल्या एसओपीत असतं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये नेमकं काय केलंत, काय चाललं नाही, आणि या विद्यापीठातला कोणता विषय त्या प्रश्नाशी जोडलेला आहे, एवढं साध्या इंग्रजीत लिहिलं तरी पुरे.

६. व्हिसा आणि पहिले पंधरा दिवस

प्रवेशपत्र येताच व्हिसाच्या मागे लागा. महाराष्ट्र आणि गोव्यातल्यांचं काम मुंबईतल्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे येतं. विमानाचं तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढा. खोलीसाठी मात्र थांबू नका. विद्यार्थी वसतिगृहांची प्रतीक्षायादी लांब असते, प्रवेश मिळाल्या दिवशीच तिथे नाव घाला. खोली न पाहता फक्त फोटोंवर भरवसा ठेवून अनामत रक्कम पाठवू नका, या फसवणुकीत दरवर्षी मुलं सापडतात.

पोचल्यावर राहत्या पत्त्याची नगरपालिकेत नोंद, साधारण दोन आठवड्यांत. ती पावती बँक, विमा, निवास परवाना सगळीकडे लागते. व्हिसाची मुदत संपण्याआधी निवास परवान्याचा अर्ज गेलाच पाहिजे. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिने राहता येतं.

पदवी नको असेल तर

बारावीनंतर हाताने काम शिकायचं असेल तर ‘आउसबिल्डुंग’ ही वाट बघा: नर्सिंग, इलेक्ट्रिशियन, हॉटेल व्यवसाय अशी साधारण तीन वर्षांची प्रशिक्षणं, आठवड्यात काही दिवस शाळा आणि काही दिवस प्रत्यक्ष काम, वर शिकताना दरमहा भत्ता. इथे जर्मन निदान बी१ लागतेच, नर्सिंगला बऱ्याच ठिकाणी त्यापुढची बी२ पातळी मागतात. प्रशिक्षण देणारी कंपनी किंवा रुग्णालय कोणतं, करारावर सही कोणाची, भत्ता किती, हे कागदावर असल्याशिवाय कोणालाही एक रुपया देऊ नका. करार जर्मनमध्ये असेल तर आपल्या भाषेच्या शिक्षकांकडून ओळ न् ओळ समजून घ्या.