माळ्यावरच्या जुन्या तबकड्या: दुर्मीळ काय ते ओळखावे कसे, जपावे कसे

घर आवरताना माळ्यावरून रेकॉर्डचे खोके निघाले की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. कोणीतरी हौसेने वरचीच तबकडी लावून बघतो, नाहीतर खोके थेट भंगारवाल्याकडे जाते. कृपा करून दोन्ही करू नका. आधी वही घ्या.

१. वाजवण्याआधी नोंद करा

खोके ज्या क्रमाने भरलेले आहे त्याच क्रमाने एकेक तबकडी बाहेर काढा. धरताना बोटे फक्त कडेला आणि मधल्या लेबलाला लागू द्या. दोन्ही बाजूंच्या लेबलांचे फोटो काढा. मग वहीत कंपनी, तबकडीचा क्रमांक, गायक, गाण्याचे पहिले शब्द, आणि राग किंवा नाटकाचे नाव छापले असल्यास तेही लिहा.

आता तबकडी खिडकीशी तिरकी धरा. गाणे संपते तिथे, लेबलाच्या अगदी लगत, गुळगुळीत पट्ट्यात बारीक आकडे-अक्षरे कोरलेली दिसतील. हा ध्वनिमुद्रणाचा मूळ क्रमांक. लेबल फाटले, पुसले तरी हा राहतो. एकच गाणे पुन्हा मुद्रित झाले असेल तर दोन मुद्रणांतला फरकही तोच सांगतो. टॉर्च आडवा धरला की नीट वाचता येतो.

पाकिटावर शाईने लिहिलेले नाव, दुकानाचा शिक्का, तारीख, सगळे उतरवून घ्या. जुने पाकीट जीर्ण झाले असले तरी फेकू नका, वेगळे ठेवा.

२. लाखेची की व्हिनाइलची?

पुढची सगळी काळजी यावर ठरते. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. जड, ताठ आणि काचेसारख्या ठिसूळ. १० इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावते. ४५ फेऱ्यांची छोटी ईपी आणि ३३ फेऱ्यांची, जास्त वेळ वाजणारी मोठी एलपी साधारणपणे व्हिनाइलची, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकची. ती किंचित वाकते.

३. दुर्मीळ कशाला म्हणायचे

जुने म्हणजे दुर्मीळ, हा समज सोडून द्या. बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्या तबकड्या घरोघरी होत्या, म्हणून त्या आजही सापडतात. त्यांचे मोल आहेच, पण त्यांच्याखाली दबलेली, नावही न ऐकलेल्या कीर्तनकाराची किंवा लेबलावर नुसते ‘मिस’ लावून नाव छापलेल्या एखाद्या गायिकेची तबकडी कदाचित कुठेच उरलेली नसेल. नकला, पोवाडे, भाषणे, लग्नाची गाणी यांच्याकडे मी सगळ्यात आधी बघतो, कारण ती जपावीत असे फारसे कोणाला वाटले नाही.

काही खुणा लक्षात ठेवा. ग्रामोफोन कंपनीने भारतात पहिले मुद्रण १९०२ साली कलकत्त्यात केले. सुरुवातीच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून येत आणि त्यांना एकाच बाजूला चर, म्हणजे सुई फिरते त्या बारीक खाचा, असत. तशी सापडली तर ती मुळीच वाजवू नका. मुंबईच्या ‘यंग इंडिया’सारख्या देशी कंपन्यांची लेबलेही बाजूला काढा. उलट, अलीकडची वाटणारी तबकडीही अनोखी असू शकते: बीटल्सची गाणी १९६०च्या दशकात भारतात ७८ च्या तबकड्यांवर निघाली, आणि जगभरचे संग्राहक त्या शोधत असतात.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सोनेरी तबकडीवर गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. ती पाठवायचे ठरले तेव्हा मूळ रेकॉर्ड बाजारात मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, खोक्यात पडून राहिलेल्या प्रती सापडल्या.

४. धुणे

लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा सॅनिटायझर कधीही लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. मी सुरुवातीला हे न कळून एका भजनाच्या तबकडीवर स्पिरिटचा बोळा फिरवला. काळी चकाकी पाहता पाहता राखाडी झाली आणि कापसाला काळा रंग आला. ते भजन मला पुन्हा कुठे मिळालेले नाही.

आधी मऊ ब्रशने कोरडी धूळ काढा. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकून, चरांच्या दिशेने गोल गोल पुसा. लेबल कोरडेच राहिले पाहिजे. नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून, उभी ठेवून सावलीत वाळवा.

५. एकदाच, पण नीट वाजवा

चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई आणि ती धरणारा वजनदार साउंडबॉक्स चर खरवडतात. दुर्मीळ तबकडी त्यावर नको. ज्याची सुईची दांडी हलकी आहे असा विजेवरचा टर्नटेबल घ्या, ७८ साठीची वेगळी, जाड सुई लावा आणि वाजतानाच गाणे संगणकावर मुद्रित करून घ्या. एलपीची सुई या रुंद चरात तळाशी घासत जाते आणि खरखरच जास्त ऐकू येते.

टर्नटेबलला ७८ चा वेग नसेल तर ४५ वर मुद्रित करून ‘ऑडॅसिटी’ या मोफत प्रोग्राममध्ये वेग ७८ करता येतो. जुन्या तबकड्यांचा वेग नेमका ७८ असेलच असे नाही. गाणे चिरके वाटले तर पेटी जवळ घ्या, षड्ज कुठे लागतो ते बघा आणि त्यानुसार वेग थोडा हलवा. मूळ फाइल डब्ल्यूएव्ही (WAV) या आवाज न दाबणाऱ्या प्रकारात, २४ बिटची, खरखर न काढता ठेवा. सफाई तिच्या प्रतीवर करा.

इंटरनेटवर टाकायचे असेल तर हक्क तपासा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे राहतो, पण कवी आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत चालतो.

६. ठेवणे

तबकड्या उभ्या ठेवा. थप्पी रचली तर खालच्या तडकतात. लाखेला साधे कागदी पाकीट चांगले, कारण प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते आणि कोकणात, मुंबईत पावसाळ्यात बुरशी धरते. पत्र्याखालचा माळा सगळ्यात वाईट.

ओळख पटत नसेल तर मुंबईतल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने अनेक वर्षे केलेले काम शोधून वाचा.

आणि घरात कोणी आजी, काका असतील तर त्यांना मुद्रित झालेले गाणे ऐकवताना शेजारी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. ही कोणी आणली, कुठल्या दुकानातून, कोणत्या सणाला लावायचे, ते बोलू लागतील. ते कागदावर उतरवा आणि त्याच तबकडीच्या पाकिटात ठेवा.