जुना भारीतला सीडी प्लेअर घेताय? आवाजावर भाळू नका

मी आपटलोय म्हणून सांगतो. जाड अ‍ॅल्युमिनियमचा फेसप्लेट, उचलताना कंबर धरेल एवढं वजन, विकणारा म्हणे "भिया, एकदम टनाटन है", एक गाणं ऐकवलं आणि मी पैसे मोजून मोकळा. इंदूरला रामबागेत घरी आणून लावला तर पाऊण तासात ट्रॅक उड्या मारायला लागला. मेकॅनिकने झाकण उघडलं तर लेझरचा करंट ठरवायचा बारका प्रीसेट (स्क्रूसारखा फिरवायचा) कुणीतरी पार फिरवून ठेवलेला, म्हणजे थकलेल्या लेझरला जास्त करंट देऊन चार दिवस पळवायचं आणि मग तो कायमचाच बसतो.

म्हणून जायच्या आधी फोनवर सांगा, मशीन चालू करून ठेवू नका. गेल्यावर झाकणावर हात ठेवून बघा, गरम लागलं तर समजून घ्या, थंडपणी कुरकुरतो ते दिसू नये म्हणून आधीच चालू करून ठेवलंय. थंड मशीनमधे सीडी टाकली की काही सेकंदात डिस्प्लेवर ट्रॅकचा आकडा यायला पाहिजे, दोनतीनदा फिरून "नो डिस्क" म्हणत असेल तर लेन्सवर धूळ असेल नाहीतर लेझर संपत आलाय. धूळ असेल तर नशीब.

सीड्या आपल्या घेऊन जा. एक सत्तर मिनिटांच्या वरची, एक घरी राइट केलेली सीडी-आर. सीडी आतून बाहेर वाचली जाते, सुरुवातीला साधारण 500 आरपीएमने फिरते आणि कडेला येईपर्यंत 200 वर येते, आणि डिस्क वाकडी असेल तर डगमग कडेलाच सगळ्यात जास्त, त्यामुळे शेवटचा ट्रॅक लावून बघा, मग पहिला, परत शेवटचा, असं आठदहा वेळा, आणि कान मशीनजवळ नेऊन ऐका आतून घर्रघर्र येऊन राहिलीय का. सीडी-आर कमी प्रकाश परत फेकते म्हणून अशक्त लेझर तिथेच आधी अडखळतो. मग तासभर वाजू द्या. लाज वाटू देऊ नका, चहा तर तो पाजणारच.

आमचे इंदूरचे गायक अमीर खां साहेब यात फार कामाचे. त्यांच्या विलंबितातल्या शांत जागा हेडफोनवर ऐका, मागे हम् येत असेल तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकले असतील. ते बदलता येतात. ट्रे अडकत असेल तर बहुतेक वेळा रबरी बेल्ट, किरकोळ काम, उलट भाव पाडायला बरंच.

खरी मेख स्पेअरची. आत सीडी फिरवणारं-वाचणारं कुठलं मेकॅनिझम आहे ते विचारा, सांगता येत नसेल तर मॉडेल नंबर घेऊन स्वतः शोधा. सोनीचा केएसएस-213 असेल तर पिकअप (लेझर आणि लेन्सचा भाग) मिळतो, नकली खूप असले तरी. फिलिप्सचे ऐंशीच्या दशकातले स्विंग आर्मवाले (लेझर झुलत्या दांडीवर बसवलेले) सीडीएम-1 वगैरे दणकट, पण नवे बनत नाहीत, बिघडला तर दुसरं मशीन फोडा. विकणारे टीडीए1541ए चिपचं (डिजिटलचा आवाज करणारी) कौतुक सांगतात, पण चिप सहसा मरत नाही हो, लेझर मरतो.

मागची पट्टी वाचा. जपानी बाजारातला पीस 100 व्होल्टचा असतो, आपल्या 230 मधे सरळ लावला की धूरच, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल.

घेतलाच तर डिस्क बाहेर काढा आणि तळाला ट्रान्सपोर्ट स्क्रू (प्रवासात आतला भाग हलू नये म्हणून असतो तो) असेल तर तो आवळून मगच हलवा. मी जेल रोडवरून रिक्षात मांडीवर घेऊन आलो होतो, आत विकणाऱ्याचीच सीडी तशीच.