यष्टिरक्षक दोन पावले पुढे आला तेव्हा

सांगली जिल्ह्यातल्या मैदानांवर मी वेगवान गोलंदाज म्हणून 16 वर्षे नवा चेंडू टाकला आणि वयाच्या 34व्या वर्षी थांबलो. थांबायची वेळ झाली हे मला खांद्याने किंवा गुडघ्याने सांगितले नाही. ते सांगितले आमच्या यष्टिरक्षकाने, तेही न बोलता. एका सकाळी रन-अपच्या खुणेवरून पाहिले, तर तो नेहमीच्या जागेपेक्षा दोन पावले पुढे उभा होता. मी हातानेच त्याला मागे व्हायला सांगितले, तो हसत मागे गेला, आणि माझे पुढचे तीनही चेंडू दुसरा टप्पा खाऊन त्याच्या ग्लोव्हजमध्ये गेले. माझा वेग उतरला होता, आणि ते त्याला माझ्याआधी कळले होते.

या वाटेला नव्याने लागणाऱ्या मुलांनी शेवटाचा विचार सुरुवातीलाच करावा, असे मी म्हणतो, त्याचे कारण शरीरात आहे. चेंडू सोडताना पुढचा पाय क्रीजवर आपटतो तेव्हा वजनाच्या कित्येक पट भार त्या एका पायावर येतो, आणि नेमकी त्याच वेळी कंबर वाकून वळत असते. त्यामुळे उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या खालच्या मणक्याला बहुधा डाव्या बाजूस तडा जातो. एकविसाव्या वर्षी मी ते दुखणे उसण समजून बाम चोळत टाकत राहिलो आणि एक अख्खा मोसम घालवून बसलो. मागे वाकताना कमरेत एकाच बाजूला कळ येत असेल तर चेंडू खाली ठेवावा. सुरुवातीचा तडा एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो.

श्रीरामपूरच्या झहीर खानने 92 कसोटींत 311 बळी घेऊन 2015 साली निवृत्ती घेतली, तेव्हा दिवसाला अठरा षटकांचा भार खांदा पेलणार नाही, असेच कारण त्याने दिले होते. आपल्याला निवृत्ती जाहीर करावी लागत नाही. संघाच्या यादीत नाव दिसेनासे होते, एवढेच. म्हणून खेळत असतानाच गुणलेखन शिकावे आणि पंचांच्या परीक्षेची तयारी करावी. धावणेही एकदम सोडू नये, कारण गोलंदाजी सुटली तरी गोलंदाजाची भूक सुटत नाही. माझे वजन वर्षभरात नऊ किलोंनी वाढले.

आता मी पंच म्हणून उभा राहतो. नो-बॉलसाठी नजर क्रीजवर ठेवावी लागते, पण षटक संपले की यष्टिरक्षक कुठे उभा होता ते पाहिल्यावाचून राहवत नाही.