बांधावर बसून वनस्पतींची कुळं कशी ओळखावीत

हिवाळ्यात मळ्यात भरताचा बेत असला की कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात. जोडीला हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात. या पसाऱ्यात वांगं आणि मिरची एका कुळातली, लसूण आणि कांदा तर त्याहून जवळचे, आणि जळणाच्या काड्यांचं नातं भेंडीशी. जीवशास्त्रज्ञ ही नाती कशी लावतात, ते स्वतः करून बघता येतं. ब्लेड, भिंग आणि वही घेऊन सकाळी शेतात जा.

आधी उपयोग विसरा. भाजी, तण, औषधी ही वाटणी आपल्या सोयीची आहे. वांग्याच्या वाफ्यातून उपटून फेकलेला धोतरा वांग्याचाच भाऊबंद आहे. बाजारात वांग्याशेजारी मांडलेली मेथी मात्र हरभरा-तुरीच्या कुळातली.

मग पान उजेडात धरा. शिरा समांतर धावतात की जाळी विणतात? केळी आणि दादर ज्वारी पहिल्या गटात, म्हणजे एकदल. कपाशी, वांगी, तूर दुसऱ्यात. केळीला आपण झाड म्हणतो खरं, पण घड उतरवल्यावर खांब आडवा कापून पाहा. पानांचे देठ एकावर एक गुंडाळलेले दिसतील, लाकूड कुठेच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम: फूल उघडणं. पान ऊन-पाण्याप्रमाणे लहानमोठं होतं, फुलाची घडण सहसा बदलत नाही. म्हणून घाई इथे करू नका.

कपाशीचं त्याच सकाळी उमललेलं फिकट पिवळं फूल घ्या (कालचं असेल तर गुलाबी पडलेलं असतं). पाचही पाकळ्या अलगद काढा. मधोमध एक नळी उभी राहते, तिच्यावर परागकोशांचे दाणे लगडलेले. पुंकेसर एकमेकांना चिकटून ती नळी झालेली असते. आता भेंडीचं फूल उघडा, मग अंबाडीचं, मग अंगणातल्या जास्वंदीचं. तीच नळी! ही कापसाच्या कुळाची खूण, आणि एकदा डोळ्यात बसली की विसरत नाही.

वांग्याच्या फुलात पाकळ्या बुडाशी जोडलेल्या, आत पाच पिवळे परागकोश. त्यांच्या टोकाला भिंगातून बारीक छिद्रं दिसतात. भुंगा गुणगुणत थरथरला की परागकण तिथून झडतात. बटाट्याचंही तसंच. मिरचीचे परागकोश मात्र उभे चिरतात. कुळ एक, पण प्रजाती वेगळी, ते अशा फरकांवरून.

जे सापडलं ते मोठ्या गटाकडून लहानाकडे लिहा: सृष्टी, विभाग, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. वांग्याचं कुल सोलॅनेसी, प्रजाती सोलॅनम, जाती मेलोंजेना. शेवटचे दोन शब्द मिळून शास्त्रीय नाव होतं. वनस्पतींसाठी ही दुहेरी नावांची पद्धत कार्ल लिनियस यांनी 1753 मध्ये सरसकट वापरली.

जाती आणि वाण यांची गल्लत टाळा. भरताचं मोठं हिरवट वांगं आणि भाजीचं जांभळं काटेरी वांगं दिसायला कितीही वेगळी असोत, त्यांचा संकर सहज होतो; जाती एकच. उलट देशी कपाशी आणि अमेरिकन कपाशी शेजारी लावल्या तर बहिणी वाटतात, पण देशीत 26 गुणसूत्रं, अमेरिकनमध्ये 52. त्या दोन जाती.

काटे आणि मांसल खोड पाहूनही फसायला होतं. कुंपणावरचा फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला. तीनधारी निवडुंग एरंडाच्या कुळातला. कोरड्या हवेत पाणी साठवण्याची युक्ती दोघांनी आपापल्या परीने साधली. कोणता कोणाचा हे ओळखायला खोडाला ओरखडा काढा: चीक आला तर तीनधारी. तो चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, आग होते.

वहीत नावं पेन्सिलीने लिहा. टोमॅटोला लिनियस यांनी 1753 मध्ये वांग्याच्या प्रजातीत घातलं, पुढच्याच वर्षी फिलिप मिलर यांनी त्याची वेगळी प्रजाती केली. दोनशेहून अधिक वर्षांनी डीएनए ताडून पाहिला, आणि टोमॅटो पुन्हा सोलॅनममध्ये, वांग्याशेजारी येऊन बसला.