एकट्याने कनूतून अल्गॉन्क्विनला जाताय? या चुका टाळा

टोरांटोहून उद्यानातल्या हायवे ६० पर्यंत साधारण तीन तास लागतात, म्हणून कॅनडातलं अल्गॉन्क्विन प्रांतिक उद्यान जवळचं आणि सोपं वाटतं. पण दोन पोर्टेज (दोन सरोवरांमधली, कनू खांद्यावर घेऊन चालायची वाट) आत गेलात की मोबाइलला रेंज मिळेलच याची खात्री नसते आणि तुमची कनू, म्हणजे वल्हवायची निमुळती होडी, उलटली तर मदतीला दुसरी कनू नसते. इथली बहुतेक संकटं पाण्यावर सुरू होत नाहीत. ती घरी कॅलेंडर बघून ट्रिप आखताना सुरू होतात.

राखीव दिवस न ठेवणं

शुक्रवारी निघायचं, रविवारी परतायचं, सोमवारी ऑफिस. अशा आखणीत वाऱ्याला जागाच नसते. मग रविवारी दुपारी सरोवरावर पांढऱ्या लाटा फुटत असतानाही माणूस कनू पाण्यात लोटतो. चार-पाच दिवसांच्या ट्रिपमध्ये एक दिवस नुसतं बसून राहण्यासाठी ठेवा, आणि त्या दिवसाचं जेवणही सोबत घ्या.

अंतर मोजतानाही इथेच फसगत होते. एकट्याला सामान आणि कनू बहुधा दोन खेपांत न्यावी लागते, म्हणजे नकाशावरचं १ किमीचं पोर्टेज प्रत्यक्षात ३ किमी चालायला लावतं. जोडीने जाणाऱ्यांचं वेळापत्रक उचलू नका.

पाऊस थांबला म्हणजे निभावलं, असं समजणं

ही सगळ्यांत धोकादायक चूक. कमी दाबाचा पट्टा जवळ येतो तेव्हा वारा बहुधा दक्षिणेकडून किंवा आग्नेयेकडून येतो, ढग दाटतात, पाऊस लागतो. मग थंड हवेची आघाडी सरकते, वारा वायव्येकडे फिरतो, आकाश निवळतं आणि पारा काही तासांत दहा अंशांनी उतरू शकतो. ऊन पडलेलं बघून लोक निघतात, पण जोराचे झोत बऱ्याचदा याच निवळलेल्या आकाशाखाली येतात. वारा वायव्येचा झाला की ती दुपार किनाऱ्यावरच काढा.

एरवीही पहाटे निघा आणि मोकळं पाणी दहा-अकराच्या आत ओलांडा. ऊन तापलं की वारा वाढतो. ओपिओंगो हे उद्यानातलं सर्वांत मोठं सरोवर, त्याच्या लांब फाट्यांवर लाटांना वाढायला भरपूर पल्ला मिळतो. वारा पाठीमागून असेल तर तुमच्या किनाऱ्याजवळ पाणी शांतच दिसेल, कारण लाटा वाऱ्याच्या दिशेने पुढे जाताना मोठ्या होतात. मध्यावर पोचल्यावर त्यांचा आकार कळतो आणि तेव्हा वळणं अवघड असतं. लाटांचे माथे पांढरे दिसत असतील तर एकट्याने मोकळं पाणी ओलांडू नये. वाट लांबली तरी किनाऱ्याच्या कडेने जा.

कनू सारखी वळते? आधी वजन बघा

वल्हवण्यात दोष शोधण्याआधी सामान कुठे ठेवलंय ते तपासा. दोघांच्या १६ फुटी कनूत एकटा माणूस मागच्या सीटवर बसला की पुढचं टोक पाण्याबाहेर उचललं जातं, आणि वारा तेच टोक धरून कनू फिरवतो. दोन्ही टोकं सारखी असलेली कनू असेल आणि पाय मावत असतील तर पुढच्या सीटवर उलट्या दिशेने बसा. म्हणजे तुम्ही मध्याच्या जवळ येता. लाटा असतील तेव्हा गुडघ्यांवर टेका आणि बूड सीटच्या कडेला टेकवा.

समोरून वारा असेल तर पुढचं टोक किंचित जड हवं, पाठीमागून असेल तर मागचं. सामान कमी असेल तर १० लिटरची पाण्याची पिशवी भरून पुढेमागे सरकवा. समोरच्या लाटा थेट अंगावर किंवा आडव्या घेऊ नका. ३० ते ४५ अंशांच्या कोनात कापा.

हवा बघून कपडे घालणं

बर्फ साधारण एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला वितळतं. त्यानंतर बाहेर २० अंश असले तरी पाणी पाचच्या आसपास असू शकतं. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी रूढ केलेला हिशेब लक्षात ठेवा: १ मिनिट श्वास आवरायला, १० मिनिटं हातपाय कामाचे, १ तास शुद्ध हरपेपर्यंत. लाटांत एकट्याने बुडालेल्या कनूत परत चढणं फार कठीण, म्हणून ती १० मिनिटं किनारा गाठायला पुरली पाहिजेत. सुती कपडे नकोत, लोकर किंवा सिंथेटिक घाला. मे आणि ऑक्टोबरमध्ये ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न शिरू देणारा पोशाख.

कॅनडाचा कायदा लाइफजॅकेट, किमान १५ मीटरची तरंगती दोरी, पाणी उपसायचं भांडं आणि शिट्टी कनूत असावी असं सांगतो. लाइफजॅकेट अंगातच हवं. सॅटेलाइट मेसेंजर (रेंज नसतानाही उपग्रहामार्फत निरोप पाठवणारं यंत्र), लायटर आणि सुरी त्याच्या खिशात ठेवा, पॅकमध्ये नव्हे. कनू निसटली तर खिशातलं तेवढंच तुमचं.

बोटांना झिप लागेना, बोलणं अडखळू लागलं, तर शरीर थंड पडतंय. ताबडतोब किनारा. आधी टार्पचा (ताडपत्रीचा) आडोसा, मग कोरडे कपडे, मग गोड गरम पेय.

तळावर

कनू पाण्यातून अर्धवटच ओढून ठेवू नका. वर आणा, पालथी घाला, दोरीने झाडाला बांधा. तंबू लावण्याआधी मान वर करून वाळलेली झाडं आणि लटकणाऱ्या फांद्या बघा. ४ जुलै १९९९ ला अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या बाउंडरी वॉटर्स या सरोवरांच्या जंगलात वादळाने प्रचंड जंगल आडवं केलं होतं. अल्गॉन्क्विनच्या आतल्या भागात खाण्यापिण्याचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्यांना बंदी आहे, तेव्हा लोणचं आणि तूप बरणीतून प्लॅस्टिकच्या डबीत काढा.

घरच्यांकडे मार्ग, तळांची नावं आणि कनूचा रंग लिहून द्या. परतण्याची वेळ सांगताना राखीव दिवस धरूनच सांगा, आणि ती उलटून गेल्यावर किती तासांनी ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करायचा तेही ठरवून ठेवा.