एका स्क्रिप्टमधून अनेक क्वेरी चालवताय? या चुका टाळा

पीएचपीत तीन-चार एसक्यूएल क्वेरी अर्धविरामाने जोडून मायएसक्यूएलआयच्या (मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलणारं पीएचपीचं एक्स्टेन्शन) साध्या क्वेरी फंक्शनला दिल्या की सिंटॅक्स एरर येते. तोच मजकूर ब्राउझरमधून डेटाबेस हाताळणाऱ्या पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये टाकला तर बिनबोभाट चालतो, म्हणून माणूस अवतरणचिन्हं तपासत बसतो. खोट क्वेरीत नसतेच. हे फंक्शन एका वेळी एकच स्टेटमेंट घेतं. पीएचपीमायअ‍ॅडमिन मजकुराचे तुकडे करून एकेक पाठवतं.

मग कुणीतरी मल्टी_क्वेरी, म्हणजे अनेक स्टेटमेंट एकदम घेणारं फंक्शन, सुचवतं आणि खरा घोळ तिथून सुरू होतो. ते चालवून लगेच दुसरी क्वेरी टाकली की 'कमांड्स आउट ऑफ सिंक', एरर क्रमांक २०१४. आधीचे रिझल्ट कनेक्शनवर पडून असतात, ते उचलल्याशिवाय पुढची क्वेरी जात नाही. स्टोअर_रिझल्टने रिझल्ट घ्या, फ्री करा, नेक्स्ट_रिझल्टने पुढे सरका. शेवटपर्यंत लूपमध्ये हेच. इन्सर्ट-अपडेटमधून ओळी येत नाहीत, तरी त्यांच्यावरूनही सरकावंच लागतं.

याहून वाईट चूक गुपचूप होते. मल्टी_क्वेरी 'फॉल्स' देते ती फक्त पहिलं स्टेटमेंट फसलं तरच. तिसरं फसलं, तर ते नेक्स्ट_रिझल्ट करत तिथवर पोचल्यावर कळतं. तोवर पहिली दोन डेटाबेसमध्ये बसलेली असतात आणि चौथं चालतच नाही. ऑर्डर नोंदली गेली पण स्टॉक कमी झाला नाही, हे असंच होतं. यावर ट्रान्झॅक्शन हवं: सगळं नीट झालं तर कमिट, नाहीतर रोलबॅक. टेबलाचं स्टोरेज इंजिन (डेटा साठवणारी यंत्रणा) इनोडीबी आहे ना, ते आधी पाहा. मायआयसॅम या दुसऱ्या इंजिनवर रोलबॅक काहीही मागे घेत नाही. आणि मध्येच टेबलाची रचना बदलणारं ऑल्टर टेबल घातलंत, तर तोवरचं सगळं आपोआप कमिट होतं.

माझं विचाराल तर वेब पेजमागे मल्टी_क्वेरी वापरूच नका. युजरने भरलेला मजकूर त्या स्ट्रिंगमध्ये जोडला, तर अर्धविरामापुढे तो स्वतःचं 'ड्रॉप टेबल' घुसवू शकतो. वेगवेगळी प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स (क्वेरीचा साचा आणि युजरचा मजकूर वेगळे पाठवणारी) एकाच कनेक्शनवर, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चालवा. लूपमध्ये शंभर सिलेक्ट मारत असाल तर मात्र थांबा. तिथे बहुधा एक जॉइन (अनेक टेबलं जोडून एकदम वाचणारी क्वेरी) पुरतो.

पीएचपी ८.१ पासून मायएसक्यूएलआय चूक झाली की 'फॉल्स' देण्याऐवजी आपोआप एक्सेप्शन (न हाताळल्यास स्क्रिप्ट थांबवणारी चूक) फेकतं. त्याआधीची आवृत्ती असेल, तर कनेक्शन उघडण्यापूर्वी मायएसक्यूएलआय_रिपोर्टने एरर आणि स्ट्रिक्ट हे दोन्ही मोड चालू करा.